बूट डिस्क दगा देते तेव्हा: व्हर्च्युअलायझेशन सर्व्हर सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

ईएसएक्सआय हे व्हीएमवेअरचे हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर. त्याच्या एखाद्या होस्टवर (सर्व्हरवर) अचानक इशारा झळकतो: बूट फाइलसिस्टिम ज्या उपकरणावर आहे त्याच्याशी संपर्क तुटला आहे, यापुढे कॉन्फिगरेशनमध्ये केलेले बदल कायमचे जतन होणार नाहीत. गंमत अशी की त्या होस्टवरच्या सगळ्या व्हीएम (आभासी यंत्रे) सुरळीत चालू असतात आणि कोणाचीही तक्रार आलेली नसते. अशा वेळी नवख्या ॲडमिनचा हात आपोआप रीबूटकडे वळतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच देतो: रीबूट करू नका. बूट माध्यम खरोखर गेले असेल, तर हा होस्ट बंद केल्यावर पुन्हा उठणार नाही. आता तो चालू आहे, हीच तुमच्या हातातली मोठी संधी आहे. व्हीएम दुसरीकडे हलवायच्या, कॉन्फिगरेशन वाचवायचे, दोष शोधायचा आणि मग शांतपणे होस्ट बंद करायचा. सगळी दुरुस्ती याच क्रमाने होते. क्रम चुकला, तर पाच मिनिटांच्या बदलीच्या कामाला पूर्ण रात्र लागते.

माध्यम गेले तरी सर्व्हर चालतो कसा

ईएसएक्सआय सुरू होताना स्वतःला बूट माध्यमावरून उचलून मेमरीत आणतो आणि नंतर तिथूनच चालतो. त्यामुळे एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह मधेच मेली तरी हायपरव्हायजर लगेच कोसळत नाही. व्हीएमच्या डिस्क वेगळ्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइलींच्या साठवणजागेवर) असतात, त्यांना या घटनेचा पत्ताही लागत नाही. बिघडते ते दुसरेच. होस्टचे कॉन्फिगरेशन साधारण ताशी एकदा बूटबँकेवर (बूट माध्यमावरच्या, ईएसएक्सआयच्या फाइलींच्या विभागावर) ‘स्टेट’ नावाच्या दाबलेल्या फाइलमध्ये लिहिले जाते, ते थांबते. काही वेळाने व्यवस्थापनाची सेवा ‘होस्टडी’ त्या मेलेल्या उपकरणाच्या उत्तराची वाट पाहत अडकते आणि व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) होस्ट ‘प्रतिसाद देत नाही’ असा दिसू लागतो. व्हीएम तेव्हाही चालूच असतात, पण त्या हलवण्याचा सोपा रस्ता बंद झालेला असतो. इशारा दिसला की त्याच दिवशी हालचाल करायची, ती यासाठी.

प्रॉक्समॉक्समध्ये (हेही व्हर्च्युअलायझेशनचेच सॉफ्टवेअर) परिस्थिती वेगळी असते. तो पूर्ण डेबियन लिनक्स आहे आणि रूट फाइलसिस्टिम डिस्कवरच राहते. डिस्क गेली तर ज्या गोष्टी आधीपासून मेमरीत आहेत तेवढ्या चालतात आणि नवीन कमांड दिली की ‘इनपुट आउटपुट एरर’ येते. चालू व्हीएमच्या प्रक्रिया मेमरीत असतात, त्यामुळे त्यांचे स्टोरेज वेगळ्या डिस्कवर असेल तर त्या बराच वेळ तग धरतात. अशा यंत्रावर तुमचे एसएसएच सत्र उघडे असेल तर ते बंद करू नका. पुन्हा लॉगिन करण्यासाठी ज्या फाइली वाचाव्या लागतात, त्या आता वाचता येतीलच असे नाही.

पहिली पायरी: व्हीएम हलवा

ईएसएक्सआयवर व्हीमोशन (चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवण्याची सोय) शक्य असेल तर लगेच सगळ्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर न्या. बूट माध्यम गेलेले असतानाही व्हीमोशन बहुतेक वेळा चालते, कारण त्याला लागणारे सगळे मेमरीत असते. व्हीसेंटरमधून होस्ट दिसेनासा झाला असेल, तर कन्सोलवरून ‘होस्टडी’ आणि ‘व्हीपीएक्सए’ (व्हीसेंटरशी बोलणारी) या दोन सेवा पुन्हा सुरू करून पाहा. त्याने व्हीएम बंद पडत नाहीत. काही वेळा त्याआधी यूएसबी ॲडॅप्टरचे रीस्कॅन करावे लागते. उपकरण परत दिसले तर या सेवाही मोकळ्या होतात.

दुसरा होस्टच नसेल, किंवा सेवा सुरूच होत नसतील, तर प्रत्येक व्हीएममध्ये रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएचने शिरून आतूनच व्यवस्थित शटडाउन द्या. या उपायाचा अनेकांना विसर पडतो. व्हीएम बंद करण्यासाठी होस्टची व्यवस्थापन सेवा शुद्धीवर असण्याची गरज नसते. प्रॉक्समॉक्सवरही लाइव्ह मायग्रेशन जमले तर उत्तम, नाही जमले तर हाच मार्ग. होस्टची वीज खेचणे हा शेवटचा पर्याय आहे, आणि तिथवर जाण्याआधी व्हीएमच्या आतला डेटा डिस्कवर उतरलेला असला पाहिजे.

दुसरी पायरी: कॉन्फिगरेशन वाचवा

ईएसएक्सआयमध्ये कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेण्याची अंगभूत सोय आहे. ‘व्हिम-सीएमडी’ ही कमांड वापरून आधी कॉन्फिगरेशन सिंक करायचे, मग बॅकअप मागायचा. उत्तरात एक पत्ता मिळतो, तिथून दाबलेली फाइल उतरवून घ्यायची. बूटबँक मेलेली असेल तर सिंकची पायरी अडेल, म्हणून हा बॅकअप यंत्र निरोगी असतानाच दर बदलानंतर घेतलेला बरा. तो परत चढवण्याच्या अटीही लक्षात ठेवा: ईएसएक्सआयची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक अगदी तोच हवा, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये हवा, आणि बॅकअप चढला की होस्ट लगेच स्वतःहून रीबूट होतो. बिल्ड क्रमांक आताच कागदावर लिहून ठेवा.

सर्व्हरमध्ये टीपीएम चिप (कूटबद्धतेच्या किल्ल्या जपणारी) असेल तर आणखी एक गोष्ट हवी. ७.० अपडेट २ पासून होस्टचे कॉन्फिगरेशन टीपीएमच्या मदतीने कूटबद्ध होते आणि त्याची एक रिकव्हरी की असते. ती ‘ईएसएक्ससीएलआय’ या कमांडच्या सिस्टिम सेटिंग्जमधल्या एन्क्रिप्शन विभागातून पाहता येते. ती होस्टच्या बाहेर, सुरक्षित जागी जपून ठेवा. मदरबोर्ड बदलावा लागला, तर तिच्याशिवाय जुने कॉन्फिगरेशन उघडत नाही.

बॅकअप मिळालाच नाही, तर हाताने नोंद करा: कोणता व्हीस्विच (आभासी नेटवर्क स्विच) कोणत्या नेटवर्क कार्डावर आहे, पोर्टग्रुपांची (व्हीएम ज्यांना जोडतात त्या व्हीस्विचवरच्या गटांची) नावे आणि व्हीलॅन क्रमांक, प्रत्येक व्हीएमकर्नल पत्ता (होस्टचा स्वतःचा नेटवर्क पत्ता), आयस्कझीचे (नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या जोडणीचे) आयक्यूएन हे ओळखनाव, एनटीपी, डीएनएस. पोर्टग्रुपचे नाव अक्षरशः जसेच्या तसे उतरवा, लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आणि मधली मोकळी जागासुद्धा. नाव एका अक्षराने बदलले तरी व्हीएमचे नेटवर्क जोडले जात नाही, आणि मग माणूस तासभर फायरवॉल तपासत बसतो.

प्रॉक्समॉक्समध्ये ‘ईटीसी पीव्हीई’ या फोल्डरला खरे महत्त्व आहे. ते दिसायला साधे फोल्डर असले तरी प्रत्यक्षात मेमरीत चालणारी फाइलसिस्टिम आहे, आणि तिची डिस्कवरची प्रत एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचा (नोडांचा) गट, असेल तर फार चिंता नाही. मेलेल्या नोडच्या व्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइली इतर कोणत्याही नोडवर ‘नोड्स’ या उपफोल्डरात त्या नोडच्या नावाखाली जशाच्या तशा मिळतात. एकटाच नोड असेल तर ते फोल्डर, नेटवर्क इंटरफेसची फाइल आणि होस्ट्स फाइल एवढे तरी दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या.

तिसरी पायरी: दोष नेमका कुठे आहे

‘फ्लॅश गेली’ असे म्हणण्याची घाई नको. माध्यम, त्याचा कार्ड रीडर, यूएसबी पोर्ट, केबल, कंट्रोलर, ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांपैकी काहीही बिघडले तरी लक्षणे जवळपास सारखीच दिसतात. नवे कार्ड घातले आणि आठवड्यात तेही गेले, असे झाले तर समजावे की दोष कार्डात नव्हता.

सुरुवात बूट उपकरण ओळखण्यापासून करा. ईएसएक्सआयमध्ये यूएसबीवर जोडलेले माध्यम सहसा ‘एमपीएक्स’ने सुरू होणाऱ्या नावाखाली आणि ‘व्हीएमएचबीए३२’ या ॲडॅप्टरवर दिसते. सर्व्हरच्या आतले एसडी कार्डही बहुधा आतल्या यूएसबी रीडरमार्फतच जोडलेले असते, म्हणून तेही तिथेच सापडते. उपकरणांच्या यादीत त्याची स्थिती ‘ऑन’ आहे की ‘डेड’, ते बघा. मग रूटमधली ‘बूटबँक’ ही लिंक कुठे जाते ते तपासा. ती एखाद्या व्हॉल्यूमकडे जात असेल तर ठीक. ती ‘टेम्प’ फोल्डरकडे वळलेली असेल, तर सुरू होताना होस्टला बूट माध्यम वेळेत सापडलेले नाही आणि तुमचे बदल फक्त मेमरीत लिहिले जात आहेत. पुढच्या रीबूटला ते सगळे पुसले जातील. हे लक्षण विशेष घातक आहे, कारण बाकी सगळे निरोगी दिसते.

त्यानंतर ‘व्हीएमकर्नल’ लॉग वाचा. उपकरण अधूनमधून गायब होऊन परत येत असेल तर पोर्ट, रीडर किंवा ड्रायव्हरवर संशय घ्या. एकदाच गेले आणि परत आलेच नाही, किंवा वाचता येते पण लिहिता येत नाही, तर माध्यमच संपले असण्याची शक्यता जास्त. पुष्कळ फ्लॅश कंट्रोलर राखीव ब्लॉक संपल्यावर स्वतःला ‘फक्त वाचन’ स्थितीत टाकतात. ही स्थिती तुमच्या सोयीची आहे. डेटा अजून वाचता येतो तोवर उतरवून घ्या.

ड्रायव्हरच्या दोषाचे एक ठळक उदाहरण याच विषयातले आहे. ईएसएक्सआय ७.० अपडेट २ मध्ये एसडी कार्ड आणि यूएसबीवरून बूट होणारे होस्ट संपर्क गमावत होते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या अपडेट २सी मध्ये त्यावर दुरुस्ती आली. कार्ड चांगले असूनही मेलेले दिसत असे. म्हणून कार्ड फेकण्याआधी होस्टची आवृत्ती आणि त्या आवृत्तीच्या ज्ञात त्रुटी वाचून घ्या.

सर्व्हरचा व्यवस्थापन कंट्रोलर, म्हणजे डेलचा आयड्रॅक किंवा एचपीईचा आयएलओ, त्याच्या नोंदीही उघडा. दोन एसडी कार्डांची आरसा-जोडी असलेल्या सर्व्हरात एक कार्ड गेल्याची नोंद तिथे आधीच पडलेली असते. ती कोणी वाचत नाही, आणि दुसरे कार्ड गेल्यावर सगळ्यांना जाग येते.

एसएसडी असेल तर ‘स्मार्ट’ माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) काढा. साध्या पेनड्राइव्ह आणि एसडी कार्डांमध्ये ही सोय सहसा नसतेच, त्यामुळे तिथे काहीच दिसले नाही तर त्याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा घेऊ नका. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ वापरा. एनव्हीएमई डिस्कच्या अहवालात मी आधी चार ओळी पाहतो:

- ‘क्रिटिकल वॉर्निंग’ शून्यच हवी. शून्याखेरीज काहीही असेल तर डिस्क बदलायची, चर्चा नको.
- ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे राखीव ब्लॉकांची उरलेली टक्केवारी. तिची तुलना शेजारच्या मर्यादेशी करायची.
- ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा उत्पादकाने गृहीत धरलेल्या आयुष्यातला वापरलेला भाग. तो १०० च्या पुढेही जातो आणि डिस्क त्यानंतरही चालू शकते, पण ती आता उसन्या वेळेवर आहे.
- ‘डेटा युनिट्स रिटन’ या आकड्याला ५,१२,००० ने गुणले की आजवर लिहिलेले बाइट मिळतात. महिन्याच्या अंतराने दोनदा पाहिले तर झीज कोणत्या वेगाने होते आहे ते कळते.

साटा डिस्कवर गुणधर्म क्रमांक ५, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि क्रमांक १९९, म्हणजे सीआरसी त्रुटी, हे दोन पाहा. पाचवा वाढत असेल तर डिस्क आजारी आहे. १९९ वाढत असेल तर बहुधा केबल किंवा जोडणी सैल आहे. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का, हे महत्त्वाचे.

प्रॉक्समॉक्सवर एक फसवे लक्षण हमखास भेटते. ‘ईटीसी पीव्हीई’मध्ये काही लिहिता येत नाही, म्हणून डिस्क गेली असे वाटते. पण क्लस्टरचा क्वोरम (निम्म्याहून जास्त नोडांचा परस्परसंपर्क) तुटला तरी ते फोल्डर ‘फक्त वाचन’ स्थितीत जाते. आधी ‘पीव्हीईसीएम’ने क्लस्टरची स्थिती पाहा. क्वोरम शाबूत असेल आणि कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या त्रुटी किंवा फाइलसिस्टिम ‘फक्त वाचन’ करून जोडल्याची ओळ असेल, तरच डिस्ककडे वळा.

फ्लॅश झिजते का, आणि एकदम दोन्ही का जातात

नँड फ्लॅशमध्ये प्रत्येक पेशीत विद्युतभार साठवला जातो, आणि प्रत्येक वेळी पुसून लिहिताना पेशीचे इन्सुलेशन थोडे थोडे खराब होते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी फ्लॅश साधारण एक लाख वेळा पुसता येते. तीन बिट ठेवणारी टीएलसी साधारण एक ते तीन हजार वेळा. स्वस्त पेनड्राइव्हमधला कंट्रोलर ही झीज सर्व पेशींवर समान वाटण्यात कच्चा असतो, म्हणून एकाच जागी वारंवार लिहिले की ती जागा लवकर मरते.

ईएसएक्सआय ६ च्या काळात बूट माध्यमावर फार कमी लिहिले जाई, त्यामुळे एसडी कार्डे वर्षानुवर्षे टिकली. ७.० मध्ये विभाजनांची मांडणी बदलली. स्क्रॅच (लॉग आणि तात्पुरत्या फाइलींची जागा), कोअर डंप (होस्ट कोसळताना लिहिलेली मेमरीची प्रत) आणि टूल्स (व्हीएममध्ये बसवायचे मदतनीस प्रोग्राम) या सगळ्यांसाठी ‘ओएसडेटा’ नावाचा एकच विभाग आला आणि त्यावर सतत लिहिले जाऊ लागले. जुन्या होस्टचे नुसते अपग्रेड केले आणि कार्डे तीच ठेवली, तिथे माध्यमे धडाधड गेली ती यामुळे. २०२१ मध्येच व्हीएमवेअरने सांगून टाकले की फक्त एसडी कार्ड किंवा यूएसबीच्या भरवशावर होस्ट चालवण्याची पद्धत आता मागे टाकायची आहे.

आता आरसा-जोडीबद्दल. रेड १ असले की आपण निश्चिंत होतो. पण एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच बनावटीच्या दोन डिस्कवर अगदी सारखेच लिहिले जाते, त्यामुळे त्या जवळपास एकाच वेळी संपू शकतात. फर्मवेअरची चूक असेल तर हे घड्याळाच्या काट्यावर घडते. २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केले की तिच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यावरचा डेटाही जाईल, म्हणून फर्मवेअर तातडीने बदला. २०२० मध्ये ४०,००० तासांवर बंद पडणाऱ्या आणखी काही डिस्कसाठी तशीच सूचना आली. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणजे पावणेचार वर्षांपेक्षा किंचित कमी. अशा वेळी आरसा काही वाचवत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच तासाला जातात. माझे स्पष्ट मत: आरशातल्या दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी बसवलेल्या असाव्यात, आणि डिस्कचे फर्मवेअर अपडेट हे सर्व्हरच्या बायोस अपडेटइतकेच नियमित काम समजावे.

चौथी पायरी: नवे माध्यम आणि इन्स्टॉलर

ईएसएक्सआय ८ साठी बूट डिस्क निदान ३२ जीबीची हवी. मी मात्र १२८ जीबी किंवा मोठी, सतत लिखाण सोसणारी एसएसडीच सुचवेन. उत्पादकाची शिफारसही १२८ टेराबाइट लिखाण सहनशक्ती आणि सेकंदाला १०० एमबी सलग लिखाणाची आहे. डेलचे बॉस कार्ड किंवा एचपीईचे त्याच प्रकारचे बूट कंट्रोलर दोन एम.२ डिस्कचा हार्डवेअर आरसा करतात, आणि नव्या सर्व्हरसाठी तोच स्वच्छ मार्ग आहे. प्रॉक्समॉक्ससाठी वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्या एसएसडी घ्या. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरणार असाल तर हा खर्च टाळू नका, कारण सिंक्रोनस लिखाण (डेटा डिस्कवर उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबणारे) घरगुती डिस्कना फार लवकर थकवते.

इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह करताना आधी आयएसओची शा-२५६ बेरीज जुळवा. प्रॉक्समॉक्सची प्रतिमा रूफसने लिहायची असेल तर ‘डीडी’ पद्धत निवडा, आणि युनेटबूटिन वापरू नका. त्याने केलेली पेनड्राइव्ह या प्रतिमेसोबत चालत नाही. लिनक्सवरून लिहिताना लिखाण संपल्यावर बफर रिकामे झाल्याची खात्री करूनच पेनड्राइव्ह काढा. इन्स्टॉलर अर्ध्यावर विचित्र त्रुटी देऊन थांबत असेल तर सर्व्हरला दोष देण्याआधी पेनड्राइव्ह बदला. खोटी क्षमता दाखवणाऱ्या पेनड्राइव्ह बाजारात भरपूर आहेत, आणि ‘एफ३’ किंवा ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने त्या सहज उघड्या पडतात. आयड्रॅक किंवा आयएलओचे व्हर्च्युअल मीडिया उपलब्ध असेल तर पेनड्राइव्हची भानगडच टळते, फक्त जोडणी मंद असेल तर धीर धरावा लागतो.

पाचवी पायरी: ईएसएक्सआय पुन्हा बसवणे

जुने माध्यम वाचता येत असेल तर होस्ट बंद केल्यावर ते दुसऱ्या लिनक्स यंत्राला लावून ‘डीडीरेस्क्यू’ने त्याची पूर्ण प्रतिमा काढा. बूटबँका फॅट फाइलसिस्टिमवर असतात, त्यामुळे त्यातली ‘स्टेट’ फाइल कोणत्याही यंत्रावर उतरवता येते. ही प्रतिमा हाताशी असावी म्हणून आहे. मेलेल्या कार्डाची हुबेहूब प्रत नव्या कार्डावर चढवून काम चालवणे मला पसंत नाही, कारण त्यात जुनी बिघडलेली फाइलसिस्टिमही सोबत येते.

नवीन इन्स्टॉल करताना डिस्क निवडण्याचा क्षण सगळ्यात धोक्याचा. तुमचे डेटास्टोअर असलेल्या डिस्कही त्याच यादीत दिसतात. शक्य असेल तर त्या डिस्क तात्पुरत्या खेचून ठेवा किंवा सॅनचे (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजचे) पोर्ट बंद करा. ते शक्य नसेल तर क्षमता आणि मॉडेल दोनदा वाचा, आणि इन्स्टॉलरने आधीचा व्हीएमएफएस (डेटास्टोअरची फाइलसिस्टिम) सापडल्याचे सांगितले तर तो जपण्याचा पर्यायच निवडा.

इन्स्टॉल करायचे तेच बिल्ड, जे तुम्ही लिहून ठेवले आहे. मग व्यवस्थापनाचा पत्ता द्या, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका आणि बॅकअप चढवा. बॅकअप नसेल तर नोंदींवरून नेटवर्क उभे करा, डेटास्टोअर जोडा आणि प्रत्येक व्हीएमची ‘व्हीएमएक्स’ ही कॉन्फिगरेशन फाइल शोधून ती पुन्हा नोंदवा. सुरू करताना हलवली की कॉपी केली असे विचारले, तर ‘हलवली’ हे उत्तर द्या. नाहीतर व्हीएमची ओळख आणि नेटवर्क पत्ता बदलतो.

प्रॉक्समॉक्स: आरशातली डिस्क बदलणे

झेडएफएस आरशावर बूट होणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये एक डिस्क गेली तर बहुतेकजण फक्त ‘झेडपूल रिप्लेस’ करतात. पूल (झेडएफएसचा डिस्कसमूह) हिरवा दिसतो, सगळे खूश. पण नव्या डिस्कवर बूट विभाग तयार झालेलाच नसतो. जुनी डिस्क गेली की डेटा शाबूत आणि यंत्र मात्र उठत नाही, अशी अवस्था येते. पूर्ण काम असे करा:

१. ‘झेडपूल स्टेटस’मधून मेलेल्या डिस्कचे नाव आणि अनुक्रमांक टिपा. ‘एसडीए’ अशा नावांवर विसंबू नका, ती रीबूटनंतर बदलतात. अनुक्रमांक डिस्कवरच्या लेबलशी जुळवूनच ती काढा.

२. ‘एसजीडिस्क’ने निरोगी डिस्कचा विभाजन-तक्ता नव्या डिस्कवर उतरवा. इथे थांबून पुन्हा वाचा: ‘आर’ या पर्यायापुढे नव्या डिस्कचे नाव येते, जुन्याचे नाही. उलटे लिहिले तर रिकामा तक्ता निरोगी डिस्कवर जातो. त्यानंतर नव्या डिस्कचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) नवीन करून घ्या.

३. प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या मांडणीत तिसरा विभाग झेडएफएसचा असतो. ‘झेडपूल रिप्लेस’मध्ये पूर्ण डिस्क न देता हाच विभाग द्या.

४. दुसरा विभाग बूटसाठीचा ईएसपी असतो. ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल’ने तो आधी फॉरमॅट आणि मग इनिशियलाइझ करा, आणि शेवटी त्याच टूलची स्थिती पाहा. दोन्ही डिस्कचे ईएसपी यादीत दिसले पाहिजेत.

५. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा उतरवणे) पूर्ण झाल्यावर देखभालीच्या वेळेत यंत्र फक्त नव्या डिस्कवरून बूट करून पाहा. ही चाचणी टाळू नका.

यंत्र बूटच होत नसेल

कधी कधी माध्यम धडधाकट असते आणि फर्मवेअर त्याच्याकडे बघतच नाही. बायोसची बॅटरी संपली किंवा सेटिंग मूळपदावर गेली की यूईएफआय या नव्या बूट पद्धतीऐवजी जुना मोड लागतो, साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर जातो, बूटचा क्रम बदलतो. नवे काही बसवण्याआधी या तीन गोष्टी पाहा. यूईएफआयमधली नोंद पुसली गेली असेल तर फर्मवेअरच्या बूट मेनूतून ईएसपीतली बूट फाइल हाताने निवडता येते. लिनक्सवर चढता आले की ‘ईएफआयबूटएमजीआर’ने नोंद पुन्हा घालता येते.

ईएसएक्सआय अपग्रेडनंतर अडकला असेल तर सुरुवातीच्या पडद्यावर शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. दोन बूटबँकांपैकी आधीची, जुन्या आवृत्तीची बँक निवडून मागे जाता येते. ही सोय माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक विनाकारण पुन्हा इन्स्टॉल करतात.

लिखाण कमी करा, आयुष्य वाढवा

एसडी कार्डावरचा होस्ट काही महिने तसाच चालवणे भाग असेल, तर स्क्रॅचची जागा आणि लॉग खऱ्या डिस्कवरच्या डेटास्टोअरवर हलवा. ‘कॉन्फिगर्ड’ आणि ‘करंट’ अशा स्क्रॅचच्या दोन सेटिंग्ज असतात, आणि पहिली बदलल्यावर ती रीबूटनंतरच दुसरीत उतरते, हे विसरू नका. प्रत्येक होस्टला स्वतःचे वेगळे फोल्डर द्या. लॉग दूरच्या सिस्लॉग सर्व्हरवरही पाठवा, कारण बूट माध्यम मेले की स्थानिक लॉग नेमके हवे तेव्हाच मिळत नाहीत. व्हीएमवेअर टूल्स रॅमडिस्कवर ठेवण्याची सेटिंगही चालू करा. टूल्स वाचण्यासाठी व्हीएम कार्डावर वारंवार जातात, ते थांबते.

प्रॉक्समॉक्सचा नोड एकटाच असेल आणि हाय अव्हेलेबिलिटी वापरत नसाल, तर तिच्या दोन सेवा बंद केल्याने लिखाण बरेच कमी होते. क्लस्टरमध्ये मात्र त्यांना हात लावू नका. ‘स्मार्टडी’ची ई-मेल सूचना चालू ठेवा, आणि ती तुमच्यापर्यंत खरोखर पोहोचते का, हे एक चाचणी संदेश पाठवून तपासा.

काढलेले माध्यम टाकून देण्याआधी एक गोष्ट करा. त्यावर होस्टच्या पासवर्डचे हॅश, प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या आणि नेटवर्कची सगळी मांडणी असते. लिहिता येत नसलेल्या फ्लॅशवर पुसण्याचे कोणतेही टूल चालत नाही, मग तिची चिप फोडावीच लागते. एसएसडीला सुरक्षितपणे पुसण्याची कमांड लागू पडत असेल तर ती वापरा, आणि वॉरंटीत परत पाठवायची डिस्क पुसता येत नसेल तर ती न पाठवणेच बरे.